सणासुदीत घरच्या जनावरांची काळजी

गडहिंग्लज भागात काही सण खास जनावरांचे असतात. ज्येष्ठी पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर हा बैलांचा सण होय. दिवाळीत वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते व पाडव्याला म्हशी सजविल्या जातात. ज्यांच्या जिवावर घर चालते त्यांचे कोड पुरविण्याची ही रीत चांगलीच आहे. तथापि, मायेपोटी झालेल्या चुकीनेही जनावर दगावू शकते. आणि दुभती म्हैस गेली म्हणजे घरात येणारा रोजचा पैसा थांबतो.

नैवेद्य : जनावराच्या कोटीपोटातील सूक्ष्म जंतू चारा आंबवून पचवितात. पुरणपोळी, भात, पीठ, गूळ असे अन्न एकदम पोटात गेले म्हणजे आम्ल तयार करणारे जंतू बळावतात व ते आम्ल रक्तात भिनते. जनावर रवंथ सोडते, दात खाते, पातळ व आंबूस वासाचे शेण टाकते आणि झोकांड्या देते. ही लक्षणे बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात. घरातील प्रत्येकाने एकेक पोळी चारली, तर कोणाच्याही ध्यानात न येता मोठा डोस होतो. म्हणून नैवेद्य एकाच माणसाने, एक घास द्यावा व आधी वैरण घालावी.

रंग : शिंगांना गेरू किंवा हुरमुंज लावावा. घरगुती रंगांतील शिशावर भारतात २०१७ पासून कडक मर्यादा आहे. परंतु माळ्यावरच्या जुन्या डब्यांत ते असू शकते. साफसफाईत असे डबे व जुन्या बॅटऱ्या उकिरड्यावर टाकू नयेत. वासरे त्या चाटतात. शिशाच्या विषबाधेने आंधळेपणा व झटके येतात. उरलेले अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकू नये. जनावर ती पिशवीसकट गिळते.

फटाके व दिवे : गोठ्याजवळ फटाके उडवू नयेत. बुजलेले जनावर दावे तोडते किंवा त्यातच अडकते. कडब्याच्या गंजीपासून पणत्या दूर ठेवाव्यात.

कुत्रा व मांजर : कुत्र्याचे कान माणसापेक्षा तीक्ष्ण असतात. फटाक्यांच्या वेळी त्याला आतल्या खोलीत ठेवावे. त्याला चॉकलेट, मनुका व कांदा घातलेले पदार्थ देऊ नयेत. उंदरांचे औषध कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाही असे ठेवावे व मेलेले उंदीर पुरून टाकावेत.

जनावर आजारी दिसताच खुराक बंद करून पशुवैद्यकास बोलवावे अथवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. सुस्त जनावरास बळेच काढा किंवा तेल पाजू नये. ते फुप्फुसात जाते. ग्रामसेवकांनी ही माहिती सणाच्या आठवडाभर आधी चावडीवर वाचून दाखवावी. सण झाल्यावर सांगितलेल्या गोष्टीचा जनावरास उपयोग नसतो.