पेढीवरील पडदा
पेढीवर चोपडीची जागा संगणकाने घेतली. परंतु चोपडीचा कागद घेताना आपले वडीलधारे जी पारख करीत, ती पडदा घेताना होत नाही. आम्हीही केवळ आकार पाहून २७ इंची पडदा आणला. त्यावर ठिपके मात्र २४ इंची पडद्याइतकेच, १९२० गुणिले १०८०! इंचामागे सुमारे ९२ ऐवजी ८२ ठिपके आले व अक्षरांच्या कडा भरड झाल्या. वृद्ध मुनीमजी इंग्रजी तीन व आठ या आकड्यांत चुकू लागले. दोष आम्ही त्यांच्या दृष्टीस दिला. २४ इंची, चकाकीरहित, उंची कमीजास्त करता येणारा पडदा येताच चुका थांबल्या. त्या संवत्सरीस आम्ही प्रथम त्यांची क्षमा मागितली. व्यापारी बंधूंनी मुनीमजींना सोबत न्यावे, आपल्याच खात्याचे पान पडद्यावर त्यांना वाचावयास द्यावे आणि मगच दाम मोजावे, ही विनंती.