अल्पायुषी बीजे

धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्यांची पूर्वापार रीत अशी की, बियाण्यासाठी ज्वारीचे टपोरे दाणे निवडावेत, उन्हात खडखडीत वाळवावेत आणि मडक्यात भरून ठेवावेत. पुढील हंगामात ते दाणे जोमाने उगवतात. परंतु हाच उपाय जांभळाच्या बियांवर केला, तर वर्षाने त्यांतून एकही अंकुर बाहेर पडत नाही. जे वाळवणे ज्वारीला तारक, ते जांभळाला मारक का व्हावे?

बी ही निर्जीव वस्तू नव्हे. तिच्या पोटात वृक्षाचा गर्भ निजलेला असतो. त्याचे श्वसन मंदपणे चालू असते आणि त्यासाठी बीमधील अन्न खर्ची पडते. ज्वारी, बाभूळ व चिंच यांच्या बिया पक्व होताना आपोआप कोरड्या होतात. त्यामुळे त्यांचे श्वसन अत्यंत मंदावते. बाभळीच्या बीवर तर असे कठीण कवच असते की, पाणीही सहजासहजी आत शिरत नाही. अशा बिया दीर्घकाळ जगतात. इस्राएलमधील मसाडा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली खजुराची एक बी सुमारे २००० वर्षांची होती. तरीही ती २००५ साली उगवली.

जांभूळ, आंबा आणि फणस यांची प्रकृती निराळी आहे. त्यांच्या बिया पाण्याने भरलेल्या अवस्थेतच झाडावरून पडतात. त्या वाळवल्या तर पेशींची नाजूक आवरणे फाटतात आणि गर्भ मरतो. ओलसर ठेवल्या तर त्या लगेच अंकुरतात किंवा बुरशीने कुजतात. उष्ण प्रदेशातील या बियांना थंडीही सोसत नाही. १९७३ साली रॉबर्ट्स नावाच्या शास्त्रज्ञाने अशा बियांना ‘हट्टी’ या अर्थाचे नाव दिले, ते सार्थच होय. कडुनिंबाची बी या दोन्ही प्रकारांच्या मधली आहे. ती थोडे वाळणे सहन करते. पण साध्या हवेत तिची उगवणशक्ती काही आठवड्यांत वा महिन्यांत नष्ट होते.

मग ही निसर्गाची चूक म्हणावी काय? मुळीच नाही. जांभळे पिकतात ती पावसाळ्याच्या तोंडावर. बी ओल्या मातीत पडते, लवकरच अंकुरते आणि रोपाला मूळ धरण्यास सारा पावसाळा मिळतो. जिला थांबावयाचेच नाही, तिला कोरड्या निद्रेची गरज ती कोणती? परंतु धाराशिव हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. पाऊस लांबला की बाभळीची बी वाट पाहत राहते. जांभळाची बी मात्र तापलेल्या मातीत मरून जाते.

म्हणूनच वृक्षारोपण करणाऱ्याने जांभळाची बी गर धुऊन काही दिवसांतच पेरावी. निंबोळ्यांचा गर काढून बिया सावलीत सुकवाव्यात, हवा खेळेल अशा कापडी पिशवीत ठेवाव्यात आणि शक्य तितक्या लवकर रोपवाटिकेत लावाव्यात. शास्त्रज्ञ अशा काही बियांतील गर्भ अलगद काढून उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जतन करतात. परंतु हे काम सुसज्ज प्रयोगशाळेचे आहे.

ज्वारीचे बियाणे घरात साठविता येते. जांभळाचे बियाणे जिवंत झाडावरच साठविलेले असते. ओढ्याकाठची जुनी जांभळी तोडली गेली, म्हणजे दर वर्षी मिळणारे ते बियाणेही तिच्याबरोबर जाते.