मुदतीत मागितलेले येणे

राजगुरुनगर हे ज्या खेड तालुक्याचे मुख्य गाव आहे, त्याच तालुक्यात चाकणची औद्योगिक वसाहत असून म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांच्या शिवारांत मोटारी व त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले आहेत. बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ अशा मोठ्या कंपन्या, त्यांना थेट माल पुरवणारे कारखाने आणि त्या कारखान्यांसाठी टर्निंग, मिलिंग, प्लेटिंग किंवा पावडर कोटिंगचे जॉबवर्क करणाऱ्या भोसरी-चाकणमधील छोट्या शेड, अशी या पट्ट्यातील व्यवहारांची उतरंड आहे. माल खालून वर जातो व पैसा वरून खाली येतो. त्यामुळे वर कोठेही देयक अडले की त्याचा ताण अखेर ज्याच्याकडे खेळते भांडवल सर्वांत कमी त्याच्यावर येतो, आणि पैसे हाती आलेले नसतानाही बिलावरचा वस्तू व सेवा कर मात्र त्याला ठरलेल्या तारखेला भरावा लागतो.

अशा उद्योजकाच्या बाजूने कायदा दुबळा आहे, हा समज खरा नाही. गेल्या दोन दशकांत संसदेने त्याच्या हाती बऱ्यापैकी धारदार साधने दिली आहेत. परंतु त्यांतील बहुतेक साधनांना एक मुदत जोडलेली आहे, आणि पुढची ऑर्डर जाऊ नये म्हणून गप्प राहणारा पुरवठादार नेमकी ती मुदतच गमावतो.

पंचेचाळीस दिवसांचा हक्क

छोट्या पुरवठादारांच्या थकलेल्या देयकांवर व्याज देणारा पहिला स्वतंत्र कायदा १९९३ मध्ये झाला आणि त्याची जागा २ ऑक्टोबर २००६ पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमाने घेतली. या अधिनियमाच्या कलम १५ नुसार खरेदीदाराने पैसे देण्याची तारीख लेखी ठरली असेल तर त्या तारखेपर्यंत, पण कोणत्याही परिस्थितीत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत, आणि असा लेखी करार नसेल तर १५ दिवसांच्या आत देयक चुकते केले पाहिजे. पर्चेस ऑर्डरवर ‘९० दिवसांनी पेमेंट’ असे छापलेले असले तरी सूक्ष्म किंवा लघु उद्योगाच्या बाबतीत ती अट ४५ दिवसांपलीकडे टिकत नाही.

मालाचा ‘स्वीकार’ कधी झाला, हा येथील कळीचा प्रश्न आहे. खरेदीदाराने माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला गेला असे कायदा मानतो. पैसे मागितल्यानंतर तीन-चार महिन्यांनी पुढे येणारी रिजेक्शनची तक्रार किंवा डेबिट नोट म्हणूनच ४५ दिवसांची गणना पुढे ढकलू शकत नाही. पण त्यासाठी माल कोणत्या दिवशी पोहोचला हे दाखवता आले पाहिजे, आणि ते दाखवतो डिलिव्हरी चलनावरचा तारखेसह मारलेला आवक शिक्का. ज्या चलनावर केवळ अस्पष्ट सही आहे, ते वादाच्या वेळी फारसे उपयोगी पडत नाही.

मुदत उलटल्यावर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. बँक दर ६ टक्के धरला तर व्याजाचा वार्षिक दर १८ टक्के होतो, आणि १० लाख रुपयांचे देयक वर्षभर थकल्यास केवळ व्याजच सुमारे १ लाख ९५ हजार ६०० रुपये भरते. शिवाय हे व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

या संरक्षणासाठी ‘उद्यम’ पोर्टलवरची नोंदणी महत्त्वाची असून ती विनामूल्य आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी व उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म, तर गुंतवणूक २५ कोटी व उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग लघु ठरतो. मध्यम उद्योगाला आणि केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला थकीत देयकांविषयीचे हे संरक्षण मिळत नाही. करार झाल्यानंतर केलेली नोंदणी त्या जुन्या करारासाठी चालते का, यावर सर्वोच्च न्यायालयातच मतभेद निर्माण होऊन जानेवारी २०२५ मध्ये तो प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला, आणि म्हणूनच पहिल्या ऑर्डरच्या आधी नोंदणी करून तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

खरेदीदाराच्या लेखा विभागाला कळणारी भाषा

नोटीस धाडण्यापूर्वी खरेदीदाराला त्याच्याच करविषयक अडचणीची जाणीव करून देणे बहुधा अधिक परिणामकारक ठरते, आणि त्यासाठीचे पत्र खरेदी विभागाऐवजी लेखा विभागाकडे जाणे योग्य असते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीनुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे देयक मुदतीत दिले नाही, तर त्या खर्चाची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे न दिल्यास त्या बिलावर घेतलेले इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. याखेरीज सूक्ष्म व लघु पुरवठादारांची ४५ दिवसांहून जुनी देणी कंपन्यांना सहामाही विवरणपत्राद्वारे कंपनी निबंधकांना कळवावी लागतात. उद्यम क्रमांक, बिलांची यादी, प्रत्येक बिलाची देय तारीख आणि या तीन तरतुदींचा सभ्य उल्लेख असलेले एक पानी पत्र मार्चपूर्वी पोहोचले, तर संबंध न बिघडवता बरेचसे येणे सुटण्याची शक्यता वाढते.

सुविधा परिषदेचा मार्ग

पत्राने काम न झाल्यास कलम १८ खाली सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे, म्हणजे उद्योजक जिला फॅसिलिटेशन कौन्सिल म्हणतात तिच्याकडे, ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषद आधी समेट घडवण्याचा प्रयत्न करते आणि तो फसल्यास स्वतः लवाद म्हणून निवाडा देते किंवा प्रकरण लवाद संस्थेकडे पाठवते. पुरवठादार जेथे आहे तेथील परिषदेला अधिकार असतो, त्यामुळे खरेदीदार चेन्नईचा असो वा गुरुग्रामचा, चाकणच्या कारखानदाराला पुणे विभागाच्या परिषदेकडेच दाद मागता येते. करारात दुसऱ्या शहरातील लवादाची अट असली तरी हा विशेष कायदा वरचढ ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या महाकाली फूड्स प्रकरणातील निकालात स्पष्ट केले आहे. परिषदेच्या निवाड्याला आव्हान देऊ पाहणाऱ्या खरेदीदाराला निवाड्यातील रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी न्यायालयात भरावी लागते, आणि केवळ वेळ काढण्यासाठी केलेल्या अपिलांना त्यामुळे बराच आळा बसतो. कायद्याने ९० दिवसांत निकाल अपेक्षिला आहे. प्रत्यक्षात प्रकरणे त्याहून लांबतात, हेही गृहीत धरले पाहिजे.

तीन वर्षांची रेषा

मुदत कायदा, १९६३ नुसार विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांत दाखल करावा लागतो. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर ही तीन वर्षे माल दिल्यापासून आणि ठरलेली असेल तर ती उधारीची मुदत संपल्यापासून मोजली जातात. समजा, १० जून २०२३ रोजी ६० दिवसांच्या उधारीवर माल दिला, तर ती उधारी ९ ऑगस्ट २०२३ रोजी संपते आणि दाव्याची मुदत ऑगस्ट २०२६ च्या त्याच सुमारास संपुष्टात येते. मधल्या काळात फोनवर कितीही आश्वासने मिळाली तरी त्यांनी एक दिवसही वाढत नाही.

मुदत नव्याने सुरू होते ती दोन गोष्टींनी: देणेकऱ्याने लेखी व सहीनिशी दिलेली कर्जाची कबुली, किंवा त्याने केलेली आणि लेखी नोंद असलेली अंशतः परतफेड. यांपैकी जी गोष्ट घडेल ती मूळ मुदत संपण्याआधी घडली पाहिजे. दरवर्षी मार्चअखेर खातेउतारा पाठवून त्यावर खरेदीदाराची सही-शिक्क्यासह शिल्लक निश्चिती घेण्याची जी पद्धत लेखापरीक्षणासाठी म्हणून पाळली जाते, तिचे खरे मोल येथे कळते. नागपूरच्या परिषदेपुढून सुरू झालेल्या सोनाली पॉवर इक्विपमेंट्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, परिषदेपुढील समेटाला मुदत कायदा लागू नसला तरी त्यानंतरच्या लवादाला तो लागू आहे. म्हणजे मुदतबाह्य येण्यासाठी बोलणी करता येतात, पण निवाडा मिळवता येत नाही.

कागदाचे हे सामर्थ्य पुणे जिल्ह्याला नवे नाही. मे १८७५ मध्ये सुपे येथून पसरलेल्या शेतकऱ्यांच्या उठावात सावकारांच्या घरांतील कर्जखते हुडकून जाळण्यात आली, कारण न्यायालयातली ताकद त्या कागदांतच होती हे कर्जदारांना अनुभवाने ठाऊक झाले होते. आज येणेकरी हाच दुर्बळ पक्ष असताना तो पर्चेस ऑर्डर, बिल, शिक्का मारलेले चलन आणि ई-मेल एका फाइलीत ठेवत नसेल, तर स्वतःची बाजू तो आपल्याच हाताने दुबळी करतो. व्हॉट्सॲपवरील संदेशही पुरावा ठरू शकतात. मात्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र त्यांना जोडावे लागते, म्हणून ज्या फोनवर ते आले तो फोन आणि त्यातील संभाषण जपून ठेवणे आवश्यक असते.

न वटलेला चेक

चेक परत आल्यास चलनक्षम दस्तऐवज अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करता येते, परंतु तिच्या पायऱ्या दिवसांनी मोजलेल्या आहेत. चेक त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरावा लागतो. तो ५ जानेवारीला परत आल्याची सूचना मिळाली, तर ३० दिवसांत, म्हणजे ४ फेब्रुवारीपर्यंत, लेखी नोटीस पाठवली पाहिजे. नोटीस १० फेब्रुवारीला पोहोचली तर पैसे देण्यासाठी देणेकऱ्याला १५ दिवस, म्हणजे २५ फेब्रुवारीपर्यंतचा अवधी मिळतो. आणि त्यानंतरच्या एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. नोटिशीत चेकवरची नेमकी रक्कम मागितली गेली पाहिजे. व्याज, खर्च किंवा इतर बिलांची थकबाकी त्या रकमेत मिसळून एकच आकडा लिहिल्यास नोटीसच सदोष ठरते.

चेक कोणत्या गावच्या बँकेचा आहे यावर तक्रारीचे ठिकाण अवलंबून असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दशरथ राठोड विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात ठरवले होते. २०१५ च्या दुरुस्तीने ही स्थिती बदलली, आणि पैसे घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयाला अधिकार मिळाला. म्हणून चाकण वा राजगुरुनगरच्या शाखेत खाते असणाऱ्या उद्योजकाला दूरच्या राज्यातील खरेदीदाराविरुद्धही राजगुरुनगरच्या न्यायालयात तक्रार करता येते. खटला चालू असताना चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना आहे, आणि हा गुन्हा तडजोडीस पात्र असल्याने अशी प्रकरणे लोकअदालतीतही मिटू शकतात.

दावा, मध्यस्थी आणि दिवाळखोरी

तीन लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याचा व्यापारी वाद व्यापारी न्यायालयाच्या कक्षेत येतो, आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर दावा दाखल करण्यापूर्वी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थीचा प्रयत्न करणे सक्तीचे आहे. ही सक्ती ज्या निकालाने पक्की झाली तो पाटील ऑटोमेशन विरुद्ध रखेजा इंजिनिअर्स हा खटला पुणे परिसरातील एका कंपनीचाच होता: तिच्याविरुद्ध एक कोटीहून थोड्या अधिक रकमेच्या वसुलीचा दावा मध्यस्थीशिवाय दाखल झाला होता, आणि १७ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी मध्यस्थी अनिवार्य असल्याचे सांगून २० ऑगस्ट २०२२ पासून ती टाळणारा दावा फेटाळला जाईल असे ठरवले. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो आणि तेथे झालेल्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतके बळ असते.

लेखी करार, चेक किंवा वचनचिठ्ठीवर आधारलेल्या ठरावीक रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हावे लागते आणि बचाव मांडण्यासाठीही न्यायालयाची परवानगी काढावी लागते. हुकूमनामा मिळाला तरी पैसे आपोआप हाती पडत नाहीत. त्यासाठी दरखास्त दाखल करून बँक खाती वा मालमत्ता जप्त करून घ्यावी लागते, म्हणून देणेकऱ्याच्या खात्यांची व मालमत्तेची माहिती संबंध चांगले असतानाच नोंदवून ठेवलेली बरी. दिवाळखोरी संहितेचा मार्ग मार्च २०२० पासून एक कोटी रुपयांपेक्षा कमी थकबाकीला बंद आहे, आणि मालाच्या दर्जाबद्दल आधीपासून खरा वाद असेल तर तेथे अर्ज टिकत नाही. ती संहिता वसुलीसाठी नाही, हे न्यायालयांनी वारंवार बजावले आहे. पोलिसांत फसवणुकीची तक्रार देण्यासाठी व्यवहाराच्या सुरुवातीलाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते, आणि माणसे पाठवून दमदाटीने केलेली वसुली हा स्वतंत्र गुन्हा होऊन येणेकऱ्यालाच आरोपी बनवते.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण वर्षानुवर्षे चालणाऱ्या दाव्यांच्या अनुभवातून आली असून तिच्यात तथ्य आहे. मात्र ती पायरी टाळण्याची तयारी पहिल्या ऑर्डरपासूनच करावी लागते. खरेदीदाराला मालाइतकीच बिलाच्या तारखांचीही शिस्त पाळणारा पुरवठादार समोर आहे हे आरंभीच कळले, तर पंचेचाळिसाव्या दिवशी गेलेले स्मरणपत्र त्याला भांडण वाटत नाही, आणि पुढे भांडायची वेळ आलीच तर लागणारा पुरावा तोवर तयार झालेला असतो.