बस्ता आणि बाकाबाईंचा वाडा

पुतणीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला मी आणि मोठ्या जाऊबाई गांधीबागेत गेलो होतो. शालू, नऊवारी, आहेराच्या साड्या... दुपारपर्यंत पायांचे तुकडे पडले. गठ्ठे बांधायला तासभर लागेल, असं दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, "चला बाई, महाल इथून जवळच आहे. भोसल्यांचा वाडा बघून येऊ."

"वाडे काय बघायचे गं?" म्हणत निघाल्या खऱ्या.

पण भोसल्यांचा तो मोठा वाडा १८६४ साली आगीत जळाला. वाचला तो नगारखाना. त्याच्यासमोर उभं राहून मी त्यांना बाकाबाईंची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या रघूजींची ही राणी. १८१८ मध्ये तिसरे रघूजी लहानपणी गादीवर आले, तेव्हा वाडा यांनीच सांभाळला. ते १८५३ च्या डिसेंबरात वारले. मागे मुलगा नाही. पुढच्याच वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले, दागिने विकायला कलकत्त्याला गेले. म्हाताऱ्या बाकाबाईंनी बजावलं की, सामान हलवलंत तर वाड्याला आग लावीन. सामान गेलंच.

नागपुरात मात्र त्यांची आठवण वेगळीच. १८५७ मध्ये त्यांनी इंग्रजांची बाजू घेतली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक काढून जाळतात ती काळी मारबत म्हणजे बाकाबाईच, असं लोक सांगतात.

जाऊबाई बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "हे गेले तेव्हा तेरवीच्या आधीच घरातली भांडी मोजली होती. मलाही वाटलं होतं गं, सगळ्याला काडी लावावी."

मला काही बोलवेना. त्या दिवशी यादी करायला वही-पेन मीच आणून दिलं होतं. आपल्याला कोण विचारतं, म्हणून गप्प बसले होते. विचारलं नव्हतं, तरी बोलायला हवं होतं. पंधरा वर्षांनी, त्या रस्त्यावर उभी राहून मी म्हटलं, "बाई, चुकलं माझं."

त्यांनी नुसता माझा हात दाबला.

दुकानात परतलो तर गठ्ठे तयार होते. दुकानदारानं यादी पुढे केली. मी ती जाऊबाईंच्या हातात दिली. म्हटलं, "तुम्ही वाचा. मी मोजते."