पेशींतले जुने बिऱ्हाडकरू

कुलवृत्तांत चाळताना आपण फार तर दहा-बारा पिढ्या मागे जातो. आपल्या पेशींत मात्र कोट्यवधी वर्षांची वंशावळ आहे, आणि गंमत अशी, की तिच्यात परकेही आहेत! प्राचीन काळी काही विषाणू आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि तिथेच त्यांनी कायमचे बिऱ्हाड थाटले. मानवी डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग त्यांच्या अवशेषांचा आहे.

यातले बहुतेक मोडकेतोडके. शिवाय पेशी त्यांच्या खोल्यांना रासायनिक कुलपे लावून ठेवते. सगळेच उपद्रवी नाहीत बरे! गर्भाची वार घडवण्यात हातभार लावणारे ‘सिन्सिटिन’ हे प्रथिन अशाच एका विषाणूची देणगी, हे २००० साली उघडकीस आले.

पण वयाबरोबर कुलपे सैल होतात. २०२३ साली चिनी शास्त्रज्ञांनी दाखवले, की म्हाताऱ्या पेशींत यातले काही अवशेष जागे होतात, विषाणूसारखे कण तयार होतात आणि ते तरुण पेशींनाही म्हातारपण लावतात. शत्रू आला समजून प्रतिकारशक्ती शस्त्र उपसते. लढाई खोटी, दाह मात्र खरा! आणि तोही खऱ्या शत्रूशी झुंजण्याचे तिचे बळ ओसरत असताना.

या अवशेषांना आवर घातल्यावर म्हाताऱ्या उंदरांच्या सांध्यांची झीज कमी झाली. माणसाला त्याचा उपयोग किती, हे ठरायचे आहे. पण ‘वय झाले’ म्हणून वडीलधाऱ्यांची दुखणी आपण मिटवून टाकतो, त्या दोन शब्दांआडही कारणे असतात. आणि कारण सापडले, की उपायाची वाट दिसू लागते.