तीनशे मीटरचा नेम आपल्या शेतात चालत नाही. शेतसंरक्षणाच्या बंदुकीला काडतूस निवडताना

वसई : भात पोटरीला आलं की वसई पूर्वेच्या पारोळ, भाताणे, मेढे पट्ट्यात रात्रीची राखण सुरू होते. वर वाडा, विक्रमगड, जव्हारकडे तर नाचणी-वरईलाही रानडुकरं सोडत नाहीत. कळप एका रात्रीत शिरला की सकाळी उभं पीक आडवं दिसतं. ज्यांच्या घरी शेतसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, त्यांच्याकडे मग गावकऱ्यांच्या नजरा वळतात. आणि हल्ली एक नवीन प्रश्न ऐकू येतो. मोबाईलवर परदेशातल्या शिकारीचे व्हिडिओ बघून तरुण पोरं विचारतात, तीनशे मीटरवरून डुक्कर जागेवर पडेल असं काडतूस कोणतं?

असं काडतूस जगात आहे, एक नाही पन्नास आहेत. पण ते आपल्या कामाचं नाही. का नाही, ते नीट समजून घेतलं पाहिजे.

आधी आकड्यांचा घोळ सोडवू. रायफलच्या नावातला आकडा बहुधा गोळीची किंवा नळीची जाडी सांगतो. आपल्याकडे लोक ज्याला 'तीनशे पंधरा' म्हणतात ती .३१५ इंच, म्हणजे आठ मिलिमीटर. 'थर्टी-ओ-सिक्स' म्हणजे इंचाचा तीस शतांश आणि ते काडतूस अमेरिकी सैन्याने स्वीकारलं ते साल, १९०६. बारा बोअरचं गणित मात्र उलटं आहे. नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या गोल गोळ्या केल्या आणि अशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं, तर ती नळी बारा बोअर. म्हणून वीस बोअर ही बारा बोअरपेक्षा बारीक असते. आकडा मोठा म्हणून बंदूक मोठी, असं नाही.

आता लांबच्या नेमाचं. गोळी सरळ रेषेत जाते हा पहिला गैरसमज. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडायला लागते, हातातून सुटलेल्या दगडासारखीच. अर्ध्या सेकंदात कुठलीही वस्तू सुमारे सव्वा मीटर खाली येते. सेकंदाला सरासरी सहाशे मीटर जाणाऱ्या गोळीला तीनशे मीटर कापायला तेवढाच अर्धा सेकंद लागतो. म्हणजे नळी ज्या रेषेत धरली त्याच्या सव्वा मीटर खाली गोळी पोचणार, आणि रानडुकराची खांद्यापर्यंतची उंची मीटरभरही नसते. अंतराचा अंदाज पन्नास मीटरनी चुकला तरी गोळी एक तर पाठीवरून जाते किंवा पायात बसते. म्हणून लांबून शिकार करणारे लोक निमुळती, आपल्या जाडीच्या मानाने जड गोळी निवडतात, कारण ती हवेत वेग कमी गमावते आणि वाऱ्याने कमी ढळते. शिवाय नरम टोकाची घेतात, म्हणजे आत शिरल्यावर ती फुलते आणि जनावर तडफडत राहत नाही. त्यासोबत दुर्बीण, अंतर मोजायचं यंत्र आणि शेकडो बारांचा सराव लागतो. हे सगळं दिवसाउजेडी, मोकळ्या माळावर.

आपलं शेत कसं आहे? बांधाला करवंदीची जाळी, मागे टेकाड, टेकाडाच्या पलीकडे पाडा. तीनशे मीटर सलग मोकळं दिसेल अशी जागा आपल्या पूर्व पट्ट्यात शोधून काढावी लागेल. आणि डुकरं येतात रात्री. रायफलची गोळी चुकली तर तीन किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. साधी पॉईंट बावीसची बारीक गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडायला लागला की पहाटे अंधारातच बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात, आणि मोहाच्या फुलांना डुकरंही येतात. एकाच झाडाखाली, एकाच वेळी. त्या अंधारात लांबचा बार म्हणजे जुगार आहे.

हे नुसतं भीती घालायला लिहीत नाही. २०२५ च्या जानेवारीअखेर पालघर तालुक्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गटातल्या एकाने आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून बार काढला. माणूस गेला. पोलिसांना कळवायचं सोडून मृतदेह झुडपात लपवल्याचं पुढे तपासात आलं आणि गावकऱ्यांना अटक झाली. अंधारात हललेली झुडपं म्हणजे डुक्कर नव्हे, हे कुठल्याही काडतुसाच्या डब्यावर लिहिलेलं नसतं.

कायद्यानेही विचार असाच केलेला दिसतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या शेतसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे. ठासणीने भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, मिळू शकते. आटे पाडलेल्या नळीची रायफल या तरतुदीत बसत नाही. त्यातही .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर ही फौजेची काडतुसं प्रतिबंधित वर्गात मोडतात, ती सामान्य परवान्यावर मिळतच नाहीत. तेव्हा 'कोणती रायफल घेऊ' हा प्रश्नच शेतकऱ्याने सोडून द्यावा.

मग बारा बोअरला काय भरायचं? आपल्याकडची बरीचशी काडतुसं पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याची. १८६९ सालचा हा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया कंपनीत आहे. डब्यावर एलजी, एसजी, बीबी किंवा नुसता नंबर असतो. हे छर्‍यांचे माप. एलजीचे छर्रे एका औंसात सहा बसतात, एसजीचे आठ. चार नंबर, सहा नंबरचे छर्रे बारीक, पाखरांसाठीचे. बारीक छर्‍याने डुक्कर मरत नाही, पण जखमी होऊन वळतं, आणि जखमी डुक्कर अंगावर आलं की मांडी फाडतं. त्यामुळे रीतसर परवानगीने डुकरावर बार काढायचा तर एलजी, आणि तोही पस्तीस मीटरच्या आत. अंतर वाढलं की सहा छर्रे मीटरभर वर्तुळात पसरतात आणि डुकराला त्यातला एखादाच लागतो. एकच मोठी गोळी असलेलंही काडतूस मिळतं. नेम नक्की असेल तर त्याचा मार जास्त. पण तोंडाशी आवळलेल्या, म्हणजे फुल चोकच्या नळीतून ते काढण्याआधी बंदुकीच्या जाणकार मिस्त्रीला विचारावं. आणि एलजीचे छर्रेही सहा-सातशे मीटरपर्यंत जाऊन पडू शकतात, हे विसरू नये.

एक गोष्ट कुणी फारशी बघत नाही, ती म्हणजे काडतुसाची लांबी. आजोबांच्या वेळच्या बऱ्याच दुनळी बंदुका ६५ मिलिमीटरच्या, म्हणजे अडीच इंची काडतुसाच्या आहेत. ७० मिलिमीटरचं काडतूसही त्यात बसलेलं दिसतं, कारण तोंड दुमडलेलं असतं. बार निघताना ते दुमडलेलं तोंड उघडायला पुढे जागा नसते, दाब वाढतो आणि जुनी नळी फुटू शकते. नळीच्या खालच्या बाजूला ठोकलेला आकडा वाचा, डब्यावरचा वाचा, दोन्ही जुळले तरच भरा. वीस बोअरचं काडतूस तर बारा बोअरच्या घरात ठेवूच नये. ते नळीत सरकून पुढे अडकतं, रिकामी समजून माणूस मागून दुसरं भरतो आणि पुढचं सांगायला नको.

आपल्या हवेत काडतूस दमट होतं. जुनी कागदी काडतुसं फुगतात, पितळेला हिरवट थर येतो. असलं काडतूस जबरदस्तीने दाबू नये. घोडा ओढला आणि बार निघाला नाही, तर लगेच नळी उघडून बघायला जाऊ नये. तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावं. दारू कधीकधी उशिरा पेटते.

सगळ्यात महत्त्वाचं, परवान्याची बंदूक म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. हे दोन वेगळे कागद आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते. रोही आणि रानडुकरासाठी राज्याने २०१५ मध्ये शासन निर्णयही काढला. परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता असते, त्याचे वाटे घालता येत नाहीत. तुंगारेश्वर अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे, आणि वसईतल्या काही गावांच्या शेताला ती हद्द अगदी लागून आहे. बंदूक भावकीतल्या पोराच्या हातात देणंही चालत नाही, परवाना ज्याच्या नावावर त्यानेच वापरायची.

गावठी बॉम्ब आणि कुंपणात सोडलेली वीज यांचं तर नावही काढू नका. त्यात डुकरापेक्षा गुरं आणि माणसं जास्त सापडतात. काडतुसाच्या खर्चाआधी डबे वाजवणं, दिवे, सौर कुंपण करून बघावं. आवाजाला कळप निदान त्या रात्रीपुरता तरी सरकतो.

पीक खाल्लं असेल तर दुसऱ्याच दिवशी वनपाल किंवा वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा, शेत नांगरायच्या किंवा साफ करायच्या आधी, फोटोसकट. बंदुकीच्या नव्या अर्जासाठी वसई तालुक्यातल्यांनी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिस आयुक्तालयात चौकशी करावी, जिल्ह्याच्या बाकी तालुक्यांनी पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. २०१६ च्या नियमांनुसार शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. काडतुसं किती घेता येतील तो आकडा परवान्यावरच लिहिलेला असतो, दुकानदाराकडे जाताना मूळ परवाना सोबत न्यावा.