सावडीची पुढची पायरी

कमलनगरच्या काळ्या रानात मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की पेरणीस मोजकेच दिवस मिळतात. दोन-तीन एकरांच्या धन्यास बैलजोडी पोसणे परवडत नाही. ट्रॅक्टर सांगावा तर मोठ्या खातेदाराची पाळी आधी, आणि तोवर ओल उडून जाते. या अडचणीवर आपल्या वाडवडिलांनी सावड काढली होती. आज तुमच्या रानात, उद्या माझ्या. गटशेती ही त्याच सावडीची पुढची पायरी होय.

येथे एक शंका निघते, ती जमिनीविषयीची. 1959 साली काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला, तेव्हा बांध मोडणार, जमीन जाणार म्हणून शेतकरी बिचकला. आणि ते बिचकणे गैर होते असे मला वाटत नाही. गटशेतीत बांध राहतो, पहाणीवरचे नावही राहते. एकत्र येतात ती कामे.

तुरीचेच पाहा. घाटेअळीचा पतंग बांध ओळखीत नाही. एकाने फवारले आणि शेजाऱ्याने नाही, तर पहिल्याचा खर्च बव्हंशी वाया जातो. सलग शिवारात एकाच सुमारास पेरा झाला, हेक्टरी पाच कामगंध सापळे लागले आणि पतंगांची रोजची मोजदाद ठेवली, तर वेळीच व सर्वांनी मिळून उपाय करता येतो. रानडुकरांची राखणही पाळीने होते.

पाच पोती घेऊन उदगीरच्या अडत्यापुढे उभा राहणारा भाव विचारतो. वाळवून, चाळून, प्रत लावून शंभर पोत्यांची गाडी भरणारा गट भाव बोलू शकतो. 1991 साली महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्थांनी ‘महाग्रेप्स’ उभारली, ती याच हिशेबाने. एकट्याने पूर्वशीतगृह कोठून बांधावे? 2002 च्या कंपनी कायदा दुरुस्तीने तर दहा शेतकऱ्यांसही उत्पादक कंपनी काढता येते. तीत भाग कितीही असोत, माणशी मत एकच.

मात्र गट फुटतो तो विक्रीच्या वेळी. ज्याने अडत्याकडून उचल घेतली आहे, त्याचा माल खळ्यावरूनच त्याच्याकडे जातो. म्हणून पहिल्या वर्षी अवजारांच्या आधी थोडी गंगाजळी जमवावी, आणि गरजू सभासदास तारणावर उचल गटानेच द्यावी.